पंच्याहत्तर रुपयांचा प्राध्यापक

1902 मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे पुण्याला परतले, तेव्हा त्यांचं वय 26 होतं. कोकणातल्या मुर्डी गावचा हा मुलगा केंब्रिजला गेला आणि 1899 मध्ये सीनियर रँग्लर झाला. तो मान मिळवणारा पहिला हिंदी माणूस. हव्या त्या सरकारी कॉलेजात त्यांच्यासाठी पायघड्या घातल्या गेल्या असत्या. परांजपे आले ते फर्ग्युसन कॉलेजात, प्राचार्य म्हणून; पगार महिना 75 रुपये. त्याच काळात इंडियन एज्युकेशनल सर्व्हिसमध्ये विलायतेहून आलेल्या नवख्या प्राध्यापकाची सुरुवातच 500 रुपयांपासून होत असे. परांजप्यांवर कोणी जबरदस्ती केली नव्हती. बोटीवर चढण्याआधीच त्यांनी संस्थेला शब्द दिला होता.

महाराष्ट्रातल्या प्राध्यापकी पेशाची गोष्ट या 75 रुपयांपासून सांगायला हवी. त्या आकड्याने पुढे निदान शंभर वर्षं या पेशाचा पाठलाग केला. प्राध्यापकाने पगार वाढवून मागितला की कोणीतरी आगरकर-गोखल्यांचं नाव काढणार, हे ठरलेलं. काढणाऱ्याला बहुधा अर्धीच गोष्ट माहीत असते.

फर्ग्युसनच्या आधी प्राध्यापक म्हणजे सरकारी नोकर, आणि त्यातही गोरा. बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टनमध्ये शिकवत होते, दादाभाई नौरोजी तिथे गणिताचे प्राध्यापक झाले, केरूनाना छत्र्यांनी पुण्यात गणित आणि ज्योतिष शिकवलं. पण हे सगळे अपवाद. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचं उदाहरण बोलकं आहे. एल्फिन्स्टनमध्ये संस्कृतच्या प्राध्यापकाचं काम ते हंगामी म्हणून करत होते. जागा कायम भरायची वेळ आली तेव्हा ती विलायतेहून आलेल्या पीटर पीटर्सन यांना मिळाली. भांडारकर डेक्कन कॉलेजात गेले ते 1882 मध्ये. पुढे हेच गृहस्थ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, युरोपातल्या विद्वानांनी त्यांना मानाचं पान दिलं. पण ऐन उमेदीची वर्षं दुसऱ्याच्या खुर्चीत हंगामी बसण्यात गेली. बंगालमध्ये तर हिशेब उघडच होता. 1885 मध्ये जगदीशचंद्र बोस प्रेसिडेन्सी कॉलेजात रुजू झाले तेव्हा हिंदी प्राध्यापकाला युरोपीयाच्या दोन-तृतीयांश पगार, आणि नेमणूक हंगामी असेल तर त्याचाही निम्मा, असा नियम होता. बोसांनी तीन वर्षं पगाराला हातच लावला नाही, शिकवणं मात्र सुरू ठेवलं.

पुण्यातल्या तरुणांनी वेगळा मार्ग काढला. सरकार बरोबरीचा पगार देत नाही ना, मग सरकारचा पगारच नको.

विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी 1880 च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल काढलं. आगरकर वर्षभराने एम. ए. करून आले. आपण फार शिकलो तरी पैशाच्या मागे लागणार नाही, असं त्यांनी आईला आधीच कळवून टाकलं होतं. ते पत्र मराठी पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या गाजलं. 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि 2 जानेवारी 1885 रोजी फर्ग्युसन कॉलेज उघडलं. वामन शिवराम आपटे पहिले प्राचार्य. कॉलेज चालवण्याची रीत अशी : जे शिकवतील त्यांतले निवडक लोक सोसायटीचे आजीव सभासद होतील, वीस वर्षं सेवा करण्याचं वचन देतील आणि ठरावीक पगारावर राहतील. हा पगार सुरुवातीला चाळीसच्या घरात होता, पुढे पंच्याहत्तर झाला. शिवाय आयुर्विम्याची पॉलिसी आणि निवृत्तीनंतर छोटंसं पेन्शन.

एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. जे सहसा सांगितलं जात नाही ते असं, की हे पंच्याहत्तर रुपये ठरवणारे आणि घेणारे एकच होते. आजीव सभासदांचं मंडळ वेळापत्रक लावी, माणसं नेमी, पैसे गोळा करी, कर्ज काढी, इमारत बांधी. वर कौन्सिल असे, त्यात बडी मंडळी असत. पण दैनंदिन कारभार शिक्षकांच्या हातात. प्राध्यापकाला वरून हुकूम सोडणारा संस्थाचालक नावाचा प्राणी त्या व्यवस्थेत नव्हताच. तो त्याग होता हे खरंच, पण घरच्या मालकाचा त्याग होता.

आणि घर म्हटलं की भांडणं आली. या मंडळींची भांडणंही मनापासूनची होती. 1887 च्या सुमाराला पगारात थोडी वाढ करावी, असा विचार निघाला. आगरकर वाढीच्या बाजूचे, टिळक विरोधात. मग बाहेरच्या कमाईचा प्रश्न आला. आजीव सभासदाचा सगळा वेळ संस्थेचा, तेव्हा बाहेरून मिळेल ते संस्थेच्या सामाईक गंगाजळीत जमा व्हावं, असं टिळकांचं म्हणणं. जेझुइट पाद्री जसे व्रतस्थ राहून शिकवतात तसं आपण राहायला हवं, हा त्यांचा आदर्श. बाकीच्यांचा सवाल सरळ होता : पंच्याहत्तरात संसार चालतो का? इंदूरच्या होळकर महाराजांनी दिलेल्या देणगीवरून कुरबुर झाली. गोखल्यांच्या अंकगणिताच्या पुस्तकाला मागणी होती, आपट्यांचे कोश होते, आगरकरांचं ‘सुधारक’ 1888 मध्ये निघालं होतं. टिळकांकडेही केसरी-मराठा होतेच, हे विरोधकांनी त्यांना ऐकवल्याशिवाय सोडलं नसणार. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतल्यावर ठिणगी पडली. 1890 च्या अखेरीस टिळकांनी राजीनामा दिला, आणि त्याच्या कारणांचं निवेदन एवढं लांबलचक होतं, की न्यू इंग्लिश स्कूलपासूनच्या पहिल्या दहा वर्षांचा इतिहास म्हणूनच ते वाचता येतं.

टिळक-आगरकर वादाला सामाजिक सुधारणेचं कोंदण नंतर चढलं आणि ते योग्यही आहे. तरी त्या राजीनाम्यात जे प्रश्न होते ते आजच्या स्टाफरूममध्ये ओळखीचे वाटतील. नोकरीबाहेर किती काम करायचं, पुस्तकाचं मानधन कोणाचं, शिकवणी घ्यायची का, संस्थेने माणसाच्या किती वेळावर हक्क सांगायचा?

टिळकांच्या जाण्याने गणिताची जागा रिकामी झाली. गोखल्यांनी मुंबईहून आपल्या एका जुन्या मित्राला बोलावून घेतलं : धोंडो केशव कर्वे. 1891 ते 1914 ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत राहिले. 1893 मध्ये त्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला, 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, आणि आश्रम हिंगण्याला गेल्यावर कॉलेज सुटलं की पायी हिंगणं गाठायचं हा त्यांचा क्रम झाला. पावसाळ्यात तो रस्ता म्हणजे चिखल, आणि हातात आश्रमासाठी घेतलेलं सामानसुमान. सकाळी पुन्हा कॉलेजात त्रिकोणमिती. संस्थेच्या एकाही मिनिटाची फसवणूक न करता बाहेरचं काम कसं करावं, या टिळकांच्या प्रश्नाला कर्व्यांनी पायांनी उत्तर दिलं म्हणायचं.

गोखल्यांच्या सुट्ट्या वर्गणी मागण्यात जात. नामजोशी संस्थानिकांचे दरवाजे ठोठावत. गावातल्या वाड्यांतून कॉलेज आजच्या जागी गेलं ते 1895 मध्ये, ते असं दारोदार फिरून. त्याच वर्षी 17 जूनला प्राचार्य आगरकर गेले. वय 38. दम्याने शरीर पोखरलं होतं. अंत्यविधीच्या खर्चाची पुरचुंडी त्यांनी उशाशी बांधून ठेवली होती, अशी गोष्ट सांगतात. 1902 मध्ये गोखले निवृत्त झाले, महिना 30 रुपये पेन्शनवर. त्या वेळी ते कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलत होते.

शिक्षकांच्या या घराच्या दाराशी कोण उभं राहू शकत होतं, हेही बघायला हवं. घरी थोडीफार शेती, शिकलेला भाऊ, पुण्यात नातलग, अशा माणसाला पंच्याहत्तरचं व्रत झेपे. आजीव सभासदांची जुनी यादी वाचली तर एकाच समाजाची आडनावं ओळीने येतात. ज्याला घरून आधार नाही त्याला सरकारी पगारच परवडणार. 1918 च्या नोव्हेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, ते महिना 450 रुपयांवर. अर्धवट राहिलेल्या लंडनच्या शिक्षणासाठी त्यांना पैसे साठवायचे होते. वर्ग त्यांनी जिंकला. दुसऱ्या कॉलेजांची मुलंही व्याख्यानाला येऊन बसत. स्टाफरूममध्ये मात्र त्यांनी सर्वांच्या माठातलं पाणी पिऊ नये म्हणून सहकारी प्राध्यापकांनी हरकत घेतली. 1920 च्या मार्चमध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि पुन्हा लंडन गाठलं. पुढे 1946 मध्ये सिद्धार्थ आणि 1950 मध्ये औरंगाबादचं मिलिंद, ही कॉलेजं त्यांनी उभी केली. त्यांच्या स्टाफरूममधले माठ सगळ्यांचे होते.

शिकवण्याच्या कॉलेजात संशोधकाचं काय होतं, याचा दाखला दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्यातल्या कोसबें गावी जन्म, शिक्षण हार्वर्डला. वडील धर्मानंद फर्ग्युसनमध्ये पाली शिकवून गेलेले. मुलगा तीसच्या दशकाच्या सुरुवातीला त्याच कॉलेजात गणित शिकवू लागला. 1934 मध्ये त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळालं. पदवीच्या वर्गांचा रहाटगाडगा ओढता ओढता ते संख्याशास्त्रात, तिथून आहत नाण्यांच्या वजनांत आणि नाण्यांतून प्राचीन इतिहासात शिरले. फर्ग्युसनमधली नोकरी 1945 मध्ये संपली. होमी भाभांनी त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घेतलं, आणि डेक्कन क्वीनने मुंबईला जायचं अन् संध्याकाळी परतायचं हा त्यांचा नित्यक्रम झाला. 1962 मध्ये तिथलाही करार पुढे वाढवला गेला नाही. तोवर ‘ॲन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी’ने भारतीय इतिहासलेखनाची दिशा बदलली होती. गणितज्ञ त्यांना इतिहासकार म्हणत आणि इतिहासकार गणितज्ञ. पदोन्नतीच्या आजच्या तक्त्यात त्यांना कुठल्या रकान्यात बसवलं असतं, देव जाणे.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलं. आधी विद्यापीठं आली : 1949 मध्ये पुण्याचं, 1958 मध्ये मराठवाड्याचं, 1962 मध्ये कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ. मग तालुक्या-तालुक्याला कॉलेज. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने साताऱ्याला 1947 मध्येच छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं होतं, आणि पुण्याची कल्पना ‘आजीव सेवक’ या नावाने तिथेही रुजली. शेतकऱ्यांची, बलुतेदारांची मुलं बी. ए. झाली आणि त्यांतली काही त्याच कॉलेजात शिकवायला उभी राहिली. शंभर वर्षांच्या या गोष्टीतली ही सर्वांत मोठी घडामोड.

पण साठच्या दशकात निघालेल्या बहुतेक संस्था शिक्षकांच्या नव्हत्या. अध्यक्ष कारखान्याचा किंवा बँकेचा चेअरमन, चिटणीस त्याच्या विश्वासातला वकील, आणि प्राध्यापक हा नोकर. भाषणात फर्ग्युसनचा त्याग, व्यवहारात मार्चअखेर सेवासमाप्तीची चिठ्ठी आणि जूनमध्ये नवी ऑर्डर, म्हणजे उन्हाळ्याचा पगार वाचला. सही पुऱ्या रकमेवर, हातात कमी रक्कम, ही रीतही जुनीच. या काळाचा सर्वांत खरा दस्तऐवज अहवालात सापडत नाही, कादंबरीत सापडतो. भालचंद्र नेमाड्यांच्या ‘बिढार’, ‘जरीला’, ‘झूल’ या सत्तरच्या दशकातल्या कादंबऱ्यांत चांगदेव पाटील नावाचा इंग्रजीचा लेक्चरर गावोगावच्या कॉलेजांतून वळकटी घेऊन फिरतो. गटबाजी, जात, प्राचार्यांची मर्जी, भाड्याची खोली, खाणावळ. नेमाडे स्वतः नगर, धुळे, औरंगाबाद असे शिकवत फिरले होते. चांगदेवाचं सामान हलकं का, ते त्यांना पक्कं माहीत होतं. गो. पु. देशपांड्यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ या नाटकात तर डाव्या विचारांच्या प्राध्यापकाची विद्यापीठाची समितीच झडती घेते.

या नोकराला माणूस म्हणून उभं केलं ते संघटनांनी. मुंबईत बुक्टू, नागपूर-अमरावतीकडे नुटा, पुण्यात पुक्टो, कोल्हापुरात सुटा, आणि सगळ्यांचा मिळून एम्फुक्टो हा महासंघ. ही आखूड नावं आजही कॉलेजात घरच्या माणसांसारखी उच्चारली जातात. सत्तरच्या दशकात विद्यापीठ अनुदान आयोगाची 700-1600 ही वेतनश्रेणी आली आणि पगाराची जबाबदारी राज्य सरकारने उचलली. पगार संस्थेच्या खजिनदाराऐवजी शासनाकडून, तोही पुरा. प्राध्यापकाला बँकेतून घरासाठी कर्ज मिळू लागलं, लग्नाच्या बाजारात त्याचा भाव चढला, आणि त्याबरोबर ‘एवढा पगार घेऊन करतात काय’ हा प्रश्नही जन्मला. 1986 च्या श्रेणीसाठी पुढच्याच वर्षी देशभर संप झाला. ज्याने एकेकाळी हाच पेशा पंच्याहत्तरात केला त्याच्या नातवंडांना रस्त्यावर घोषणा देणारे सर पचले नाहीत. त्यात आश्चर्य नव्हतं, पण आजोबांच्या हातात संस्था होती आणि या सरांच्या हातात फक्त पगारपत्रक, हा फरक कोणी त्यांना सांगितला नव्हता.

सरकारने पगार दिला तसे नियमही दिले. नेट परीक्षा 1989 मध्ये सुरू झाली, आणि 19 सप्टेंबर 1991 च्या नियमांनी ती अध्यापकपदाची अट बनली. जागा भरायच्या होत्या, नेट झालेले उमेदवार मिळत नव्हते. विद्यापीठांनी निवड समित्या बसवून माणसं नेमली. राज्याची सेट परीक्षा 1995 मध्ये आली. नेटची अट आल्यानंतर 3 एप्रिल 2000 पर्यंत लागलेल्या बिगर नेट-सेट अध्यापकांचा प्रश्न महाराष्ट्रात दोन दशकं चिघळत राहिला. वीस-वीस वर्षं शिकवलेला माणूस कागदावर तात्पुरता. 2013 च्या फेब्रुवारीपासून प्राध्यापकांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला, तो मे महिन्यापर्यंत चालला. बारावीनंतरच्या सगळ्या परीक्षा लटकल्या, पालक संतापले, न्यायालयाने कान टोचले. शासनाने जून 2013 मध्ये निर्णय काढून या मंडळींच्या सेवा नियमित केल्या, पण निर्णयाच्या दिवसापासून. मागची वर्षं धरलीच नाहीत. तोवर 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांचं जुनं पेन्शन बंद झालेलं. म्हणजे 1993 मध्ये फळ्यासमोर उभा राहिलेला माणूस पेन्शनच्या हिशेबात 2013 चा. मग कोर्टकचेऱ्या, आणि प्रत्येकाच्या घरात एक फुगलेली फाइल.

दुसरी फाइल पदोन्नतीची. आयोगाच्या 2010 च्या नियमांनी एपीआय नावाचे गुण आणले : शोधनिबंधाला इतके, परिषदेला इतके, पुस्तकाला इतके. कोसंबींनी नाण्यांची वजनं मोजली, आता विद्वत्तेचंच वजन सुरू झालं. मागणी आली तसा पुरवठाही आला. आयएसएसएन क्रमांक असलेली मासिकं, दोन दिवसांची ‘आंतरराष्ट्रीय’ चर्चासत्रं, पैसे भरले की आठवड्यात निबंध छापून. आयोगाने 2018 मध्ये आपल्या यादीतून 4,305 नियतकालिकं एका फटक्यात वगळली, त्यावरून हा बाजार किती मातला होता ते कळतं. कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार असली की महिनाभर वर्ग ओस आणि फोटोकॉपीच्या दुकानात रांग, हे दृश्य कुठल्याही तालुक्याच्या कॉलेजात दिसतं.

एवढी फाइल तरी निघते ती कायम नोकरीवाल्याची. 2017 च्या मे महिन्यात राज्याने पदभरती गोठवली. 2018 मध्ये 3,580 आणि 2021 मध्ये 2,088 पदांना मान्यता मिळाली, तीही टप्प्याटप्प्याने आणि आरक्षणाच्या वादातून वाट काढत. दरम्यान माणसं निवृत्त होत राहिली. वर्ग कोण घेतं? सीएचबीवाले. सरकारी भाषेत तासिका तत्त्वावरील अध्यापक.

हे काम जवळून पाहण्यासारखं आहे. एका रिकाम्या पदाचा कार्यभार निम्मा-निम्मा करून दोघांना वाटतात, कारण पूर्ण कार्यभार एकालाच दिला तर तो उद्या हक्क सांगेल. मानधन घड्याळी तासाचं, आणि कॉलेजातली तासिका 48 मिनिटांची. 2018 मध्ये पदवीच्या वर्गासाठी तासाला 500 रुपये दर ठरला. हिशेब केला तर एका व्याख्यानाचे झाले 400. घंटा पाचदा वाजली की तास भरतात चार. दर नंतर वाढले, पण सुट्टी, परीक्षा, मतदान, कॉलेजचं स्नेहसंमेलन, मोर्चामुळे बंद, या कुठल्याच दिवसाचे पैसे नाहीत. पेपर तपासणं, मुलांची गाऱ्हाणी ऐकणं, नॅकच्या फाइलीत हातभार लावणं हे तासात मोजत नाहीत. महिन्याचं बिल विभागप्रमुख, प्राचार्य, सहसंचालक कार्यालय असा प्रवास करून येतं आणि पैसे अनेकदा काही महिन्यांनी एकदम मिळतात. शेजारच्या खुर्चीतला सहायक प्राध्यापक सातव्या वेतन आयोगाने 57,700 च्या मूळ पगारावर सुरुवात करतो. दोघांकडे पीएच. डी. आहे, दोघांकडे सेट. अनेक सीएचबीवाले दोन कॉलेजांत मोटारसायकलवरून धावतात आणि संध्याकाळी स्पर्धा परीक्षांचे क्लास घेतात.

पंच्याहत्तर रुपयांच्या काळाशी याची तुलना हल्ली व्यासपीठांवरून सर्रास होते, बहुधा संस्थाचालकांच्या तोंडून. ती टिकत नाही. 1887 च्या सुमाराला आजीव सभासदाने पगारवाढ मागितली तेव्हा ती त्याने आपल्याच मंडळाकडे मागितली, बैठकीत मत टाकलं, आणि पुढे ज्याचं पटलं नाही तो राजीनामा देऊन बाहेर पडला, त्याने वर्तमानपत्र चालवलं. वीस वर्षांचं वचन त्याने संस्थेला दिलं होतं, पण संस्थेनेही त्याला दिलं होतं. तासिकेवरच्या अध्यापकाचं नेमणूकपत्र एका शैक्षणिक वर्षापुरतं असतं, बऱ्याचदा त्याहूनही कमी. मग पुन्हा जाहिरात, पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, त्याच प्राचार्यांसमोर ज्यांचे वर्ग त्याने गेल्या वर्षी सांभाळले. आणि कायम जागेची जाहिरात निघालीच, तर या वर्षांचा अनुभव धरायचा की नाही, आणि धरला तर किती गुण द्यायचे, यावर पुन्हा वाद उभा राहतो.